मेंढपाळांची शेती आणि चराईबंदी: पार्श्वभूमी

माण, खटाव, फलटण, सांगोला, आटपाडी आणि जत या तालुक्यांतील अनेक धनगर कुटुंबांकडे थोडीफार कोरडवाहू जमीन असते आणि तिच्यात काय पेरायचे हे पावसाइतकेच मेंढरांच्या फिरतीवरून ठरते. वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या कुटुंबांचा तांडा, ज्येष्ठ-आषाढात गावाकडे परततो, पहिल्या वाफशावर (पेरणीजोगी ओल आल्यावर) पाभर या अवजाराने बाजरी पेरली जाते, तिच्यात मटकी, हुलगा किंवा तुरीच्या ओळी टाकल्या जातात आणि दसरा-दिवाळीपर्यंत कणसे खुडून झाली की वाडा पुन्हा बाहेर पडतो. याच भागात मोलाची मानली जाणारी रब्बी ज्वारी फिरत्या कुटुंबाला तितकीशी साधत नाही, कारण ती भाद्रपद-आश्विनात पेरून माघ-फाल्गुनात काढावी लागते आणि नेमक्या त्या महिन्यांत घरचे कर्ते हात कोकणात किंवा बागायती पट्ट्यात असतात. मुरमाड रानाची नांगरट दरवर्षी होत नाही. माती वरवर मोकळी करणाऱ्या कुळवाच्या पाळ्यांवर भागवले जाते, आणि उथळ मातीच्या दृष्टीने ते वाईट नाही.

मेंढपाळाचा शेतीशी दुसरा संबंध परक्या रानातून येतो. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या कोकणातील खाचरांत आणि पठारावरील काढणी झालेल्या शेतांत रात्री वाघर (जाळीचे कुंपण) लावून मेंढरे बसवण्याची पद्धत जुनी आहे. तिचा मोबदला पूर्वी प्रामुख्याने धान्यात मिळे, पुढे रोख रक्कम रूढ झाली. शेतीच्या पाठ्यपुस्तकांत लेंडीखतात सरासरी 3 टक्के नत्र, 1 टक्का स्फुरद आणि 2 टक्के पालाश सांगितले जाते, जे साध्या शेणखतापेक्षा बरेच अधिक आहे. मेंढरे शेतातच बसल्यास लेंडीबरोबर मूत्रही मातीत मुरते; गोठ्यातून झाडून आणलेल्या खतात हा भाग वाया गेलेला असतो. मात्र लेंड्या उन्हात वाळून जाण्याआधी कुळवाने वरच्या थरात मिसळल्या, तरच हा लाभ पदरात पडतो.

या व्यवस्थेची मुळे फार मागे जातात. पुणे जिल्ह्यातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात धान्याबरोबर शेळ्या-मेंढ्यांची हाडेही सापडली आहेत. तिला बसलेले धक्के तुलनेने अलीकडचे आहेत. 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या नव्या जमीन मोजणीनंतर माळराने लागवडीखाली येत गेली, 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलांतील चराई परवानगीची बाब ठरवली आणि निरेच्या कालव्यांनी पुढे उसाचा पट्टा उभा केला. 1972 च्या दुष्काळानंतर मात्र गावोगावच्या डोंगरउतारांकडे मृदसंधारणाचे क्षेत्र म्हणून पाहिले जाऊ लागले, आणि चराईबंदीचा आजचा वाद तेथून सुरू होतो.

राळेगणसिद्धी येथील कामांचा आदर्श समोर ठेवून 1992 मध्ये राज्यात जी आदर्श गाव योजना आली, तिच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान यांच्या जोडीला चराईबंदी होती. तिच्यामागचा विचार सरळ होता: समतल चर खोदून, रोपे लावून झाल्यावर पहिली काही वर्षे गवताला वाढू दिले नाही, तर उतारावरची माती पुन्हा वाहून जाते आणि केलेला खर्च बुडतो. गवत विळ्याने कापून घरी न्यावे आणि जनावरे दावणीला बांधून पोसावीत, ही त्याची पर्यायी बाजू होती. दोन म्हशी किंवा संकरित गाई बाळगणाऱ्याला ती परवडली आणि अशा गावांत दूध वाढले. पण शे-दीडशे मेंढरांची खांड (कळप) कापून आणलेल्या गवतावर जगवणे कोणत्याही मेंढपाळाला शक्य नव्हते. बंदीचा ठराव ग्रामसभेत होत असे, आणि दिवाळीनंतर चार महिने येणारा वाडा त्या ग्रामसभेचा सदस्य नसे. निर्णयप्रक्रियेतील ही उणीव बंदीच्या यशोगाथांत क्वचितच नोंदली गेली.

बंदीची मर्यादाही कधी स्पष्ट नव्हती. ती डोंगर आणि गायरानापुरती होती की पीक निघालेल्या खासगी रानालाही लागू होती, याचा अर्थ प्रत्येक गावाने आपल्या सोयीने लावला. त्यातून विचित्र पेच निर्माण झाला. मेंढरे शेतात बसवून हवी होती, पण रात्री लेंडी टाकणारे मेंढरू दिवसा कुठेतरी चरलेले असावे लागते, याची दखल ठरावात नसे. शिवाय खांड हटवल्यावर त्या खताची जागा पोत्यातील युरियाने घेतली, तो खर्च पाणलोट विकासाच्या कामांच्या हिशेबात धरला गेला नाही. उतारांवर गवत वाढले हे खरे आहे. ते मुदतबंद आणि आळीपाळीच्या चराईनेही वाढले असते का, याची चाचणी मात्र फारशी कोठे घेतली गेली नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला. मात्र वनेतर गायरानाला तो लागू होत नाही. 2017 मध्ये आलेल्या राज्य योजनेत 20 मेंढ्या आणि 1 नर असा गट 75 टक्के अनुदानावर देण्यात आला आणि मुरघासाच्या (मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) यंत्रांनाही साहाय्य ठेवण्यात आले, म्हणजे चारा पिकवून मेंढी पाळण्याकडे धोरणाचा कल झुकला. कोरडवाहू दोन-तीन एकरांत बाजरी काढणाऱ्या कुटुंबाला हिरवा चारा पिकवण्यासाठी आधी पाणी लागते. त्यामुळे अनेक वाडे आता उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला), कांद्याची पात आणि कोबीचा पाला मिळणाऱ्या बागायती शिवारांकडे वळले आहेत, जेथे मेंढरे बसवण्याचा दर पिकाच्या दोन हंगामांमधील मोकळ्या दिवसांवर ठरतो.