भाजीतल्या कारल्याचं बी का रुजत नाही?

इंदूरच्या मंडईतून आणलेलं कारलं चिरताना बिया वेगळ्या निघतात आणि कुंडीत टोचून पाहाव्याशा वाटतात. बहुतेक वेळा काहीच उगवत नाही. भाजीचं कारलं फूल उमलल्यावर साधारण दोन आठवड्यांतच, हिरवं असताना तोडतात. तेव्हा आतलं बी पांढरं, मऊ असतं. गर्भ पुरता भरलेला नसतो.

ज्या कडूपणाला आपण नावं ठेवतो, तोही याच वयातला. मॉमोर्डिसिनसारखी कडू ट्रायटर्पेनॉइड संयुगं हिरव्या फळाचं रक्षण करतात. बी तयार झालं की वेलाचा बेत बदलतो. फळ नारिंगी होतं, टोकाकडून तीन भागांत फाटतं आणि बियांवरचा लालभडक, चक्क गोड गर उघडा पडतो. हा लाल रंग लायकोपिनचा, टोमॅटोत असतो तोच. पक्षी गर खायला येतात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात. (बी आपण मात्र खाऊ नये, ते विषारी असतं.) पेरायला अशा फुटलेल्या फळातलंच बी घ्यावं, गर धुऊन सावलीत वाळवावं.

या बियाचं कवच जाड असतं, पाणी सावकाश आत शिरतं. म्हणून टोकाचा जरासा टवका नेलकटरने उडवून बी रात्रभर भिजत घालतात. त्याला ऊबही लागते, पंचवीस ते तीस अंश. माळव्यातल्या फेब्रुवारीच्या रात्री त्या मानाने गारच. उन्हाळी वेल हवा तर मार्च उजाडू द्यावा, नाहीतर सरळ जूनच्या पावसावर पेरावं. माती म्हणाल तर इथली काळी माती पाणी धरून बसते आणि बी कुजतं. तिच्यात कंपोस्ट सढळ हाताने मिसळावं. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच शहरात काडीकचरा, शेण आणि राख थरांनी रचून खत करण्याची रीत बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तेव्हा इंदूरकराने खताची पिशवी विकत आणणं जरा विचित्रच.

वेल मांडवावर चढला की पिवळी फुलं येतात आणि एकेक करून गळतात. घाबरून औषध फवारू नका. कारल्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. नर आधी येतात, आणि पुष्कळ जास्त. मादी फूल ओळखणं सोपं: पाकळ्यांखाली इवलंसं खडबडीत कारलं असतं. दिवस लहान होऊ लागले की मादी फुलांचं प्रमाण वाढतं. इंदुरात जूनअखेरीस दिवस साडेतेरा तासांचा असतो, सप्टेंबरच्या उत्तरार्धात बारा तासांचा. पावसाळी वेलाला याचा फायदा मिळतो.

फूल पहाटे उमलतं आणि एकच दिवस टिकतं. उंच गच्चीवर मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी नऊच्या आत नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला टेकवावेत. दुपारी केलेलं बहुधा वाया जातं.

फळ धरलं की लगेच कागदी पिशवी बांधा. फळमाशी कोवळ्या सालीत भोक पाडून अंडी घालते, मग अळ्या आतून गर खातात. बाजारातले गंधसापळे फक्त नरांना ओढतात, अंडी घालणारी मादी मोकळीच राहते. किडलेलं फळ कंपोस्टमध्ये टाकू नका, अळी मातीत उतरून कोष करते. पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, मग ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्या.