चांद्रयान 615 कोटींत, मग गगनयानाले 20 हजार कोटी कायले?

"चंद्रावर सहाशे कोटीत पोचलो. गगनयान तं चंद्रावर जातच नाही, मंग त्याले वीस हजार कोटी कायले?" जिनिंगच्या फाटकाशी कापसाच्या गाड्यांची रांग लागली की असा प्रश्न कोणीतरी काढतोच. प्रश्न रास्त आहे.

अंतराचा इथे फारसा संबंध नाही. चंद्र जवळपास 3,84,000 किलोमीटरवर. गगनयान, म्हणजे माणसांना अंतराळात नेणारं भारताचं यान, जाणार जेमतेम 400 किलोमीटर वर. नागपूरहून हैदराबाद रस्त्याने याहून लांब पडतं. पण चांद्रयान-3 ला परत यायचंच नव्हतं, त्याचा लँडर (चंद्रावर उतरणारा भाग) अजून तिथेच आहे. शिवाय चांद्रयान-2 चा ऑर्बिटर (कक्षेत फिरणारा भाग) चंद्राभोवती आधीच फिरत होता, संदेशांसाठी तोही कामी आला. परत यायचं म्हटलं की हिशेब कसा फिरतो ते चांद्रयान-4 मध्ये दिसतं: आणायची नुसती माती, तरी 2,104 कोटी मंजूर झाले.

गगनयानात माणसं आहेत. 2019 मध्ये चांद्रयान-2 चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला, आपण हळहळलो आणि चार वर्षांनी दुसरा उतरवला. कापसाचा ट्रक उलटणं वेगळं, एसटी उलटणं वेगळं. 2003 मध्ये कोलंबिया या शटल यानासोबत कल्पना चावलासह सात जण गेले, तेव्हा अमेरिकेची शटल उड्डाणं जवळपास अडीच वर्षं बंद होती.

म्हणून इथे मोठा पैसा जातो तो 'बिघडलं तर काय' यावर. 21 ऑक्टोबर 2023 ला श्रीहरिकोट्याहून अशीच एक चाचणी झाली. रॉकेट बिघडलं असं धरून, माणसं बसायची कुपी उड्डाणातच ओढून बाजूला काढली. पॅराशूट उघडले, कुपी बंगालच्या उपसागरात उतरली, आणि पाण्यात पालथी झाली! आत कोणी नव्हतं म्हणून बरं. आता ती सरळ राहील अशी सोय करणं आलं, म्हणजे पुन्हा खर्च.

दुसरं असं की मंजूर 20,193 कोटी एका उड्डाणाचे नाहीतच. त्यात आठ मोहिमा आहेत, भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भागही आहे.

मला विचाराल तर खरा प्रश्न 2035 पर्यंत उभारायच्या त्या अंतराळ स्थानकाचा आहे. ते सुरू झालं की माणसं, पाणी, अन्न, सुटे भाग सतत वर पोचवावे लागतील, आणि हा आकडा तर फक्त 2028 पर्यंतच्या कामाचा आहे.