कोल्हापूरच्या थेट दक्षिणेला लॅम्बर्ट

नकाशात कोल्हापूरवर बोट ठेवा आणि तेच रेखावृत्त धरून दक्षिणेला चला. कारवार-अंकोल्याच्या आसपास जमीन संपते. पुढे सगळा हिंदी महासागर, फार तर हर्ड बेट जवळून जातं. साडेनऊ हजार किलोमीटरच्या आसपास गेल्यावर लागतो अंटार्क्टिकाचा प्रिड्झ उपसागर. आपलं ‘भारती’ संशोधन केंद्र 2012 पासून याच किनाऱ्यावर आहे आणि जगातल्या सर्वांत मोठ्या हिमनद्यांपैकी एक, लॅम्बर्ट, इकडेच उतरते.

तिची लांबी सुमारे 400 किलोमीटर. तरी ती नकाशावर आली फार उशिरा. अमेरिकी नौदलाच्या ‘ऑपरेशन हायजंप’ मोहिमेत 1947 मध्ये विमानांतून फोटो काढले गेले. त्यांवरून 1952 मध्ये जॉन रॉस्को यांनी तिची रूपरेषा आखली आणि फोटो काढणाऱ्या विमानाच्या चमूवरून तिला ‘बेकर थ्री’ म्हटलं. 1956 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मोहिमेने तिचा नकाशा केला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नामकरण समितीने राष्ट्रीय नकाशा विभागाचे संचालक ब्रूस लॅम्बर्ट यांचं नाव दिलं. तेच रूढ झालं. ‘आम्ही हिला पिढ्यान्‌पिढ्या अमुक म्हणतो’ असं सांगणारं गावच तिथे नव्हतं.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसराच प्रश्न. नाव लागतं कुठून आणि सुटतं कुठे? कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात, प्रयाग चिखलीपासून पंचगंगा म्हणायचं आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिळाली की ते नावही थांबतं. लॅम्बर्टचंही असंच आहे. प्रिन्स चार्ल्स पर्वतांच्या दक्षिण भागात मेलर आणि फिशर या हिमनद्या तिला येऊन मिळतात. पुढे बर्फाचा तळ जमिनीवरून सुटून समुद्रावर तरंगू लागला की त्याच बर्फाला एमरी हिमफळी म्हणतात.

फरक एकच, पण तो मोठा आहे. संगमानंतर पाणी मिसळून जातं. बर्फ मिसळत नाही. उपग्रहाच्या फोटोंत वेगवेगळ्या प्रवाहांचे पट्टे शेजारी शेजारी शेकडो किलोमीटर वेगळे ओळखू येतात. हा बर्फ संथ सरकतो, तरी एमरीच्या समुद्राकडच्या कडेला त्याचा वेग वर्षाला एक किलोमीटरहून जास्त होतो, म्हणजे दिवसाला तीनेक मीटर.

सप्टेंबर 2019 मध्ये या कडेचा 1,636 चौरस किलोमीटरचा तुकडा सुटला. कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा! त्याला माणसाचं नाव मिळालं नाही, डी-28 हा क्रमांक मिळाला. डी म्हणजे शून्य ते 90 अंश पूर्व रेखांशाचा चतुर्थांश. त्यात सुटलेल्या मोठ्या हिमनगांना ओळीने क्रमांक देतात. एमरीवरून याआधी एवढा मोठा तुकडा 1963-64 च्या सुमारास सुटला होता. त्यामुळे अभ्यासकांनी डी-28 कडे हिमफळीच्या नेहमीच्या चक्राचा भाग म्हणून पाहिलं. तो आधीपासून तरंगतच होता, म्हणून तो सुटल्याने समुद्राची पातळी वाढली नाही.