कॅटमरानची दोन अंगं: धुणं, बफिंग आणि तळाचा रंग
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बोट आमच्याकडे पाठवण्याआधी एक परीक्षा तुम्हीच घ्या. हल, म्हणजे पाण्यात बसणारं बोटीचं अंग, कोरडा असताना त्याच्या बाहेरच्या बाजूवर काळं सुती कापड जरा जोरात घासा. कापडावर पांढरी पूड आली तर वरचा थर उन्हाने मेला आहे आणि बफिंग, म्हणजे मशीनने घासून चमकवणं, लागेल. कापड स्वच्छ राहिलं तर तुमच्या बोटीला फक्त धुणं आणि वॅक्स हवं आहे. बफिंगचे पैसे तुम्ही देऊ नका आणि आम्हीही मागणार नाही.

असं का म्हणतो ते सांगतो. फायबरच्या बोटीवर जो चकचकीत पांढरा थर दिसतो तो जेलकोट. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणजे दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवली तेवढा. प्रत्येक बफिंगमध्ये त्यातला थोडा भाग कायमचा जातो. तो परत वाढत नाही. सुरुवातीच्या वर्षांत आमच्याच हातून एका बोटीच्या नाळेवर, जिथे अंग वळतं त्या कडेला, मशीन जरा जास्त वेळ थांबलं आणि खालची काचेची जाळी दिसू लागली. आम्ही स्वखर्चाने ती जागा भरून दिली, पण जुन्या पांढऱ्याला नवा पांढरा कधी पूर्ण जुळत नाही. तो ठिपका त्या बोटीवर अजून आहे. तेव्हापासून आमच्या शेडचा नियम ठरला: सगळ्यात सौम्य उपाय आधी, आणि तो पुरला तर तिथेच थांबायचं.

दोन अंगं, चार बाजू

कॅटमरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडं. बांधणी बदलली तरी कामाचा हिशेब त्या नावातच आहे. एका अंगाच्या बोटीला दोन बाजू, कॅटमरानला चार, आणि वर दोन अंगांमधल्या पुलाची खालची बाजू. म्हणून आमचं अंदाजपत्रक बोटीच्या फुटांवर नसतं, प्रत्यक्ष मोजलेल्या चौरस मीटरवर असतं. ‘चाळीस फुटीला एवढे का?’ असं विचारणाऱ्यांना आम्ही टेप हातात देऊन चारही बाजू दाखवतो.

या चार बाजू सारख्या खराब होत नाहीत. बाहेरच्या दोन बाजूंना ऊन लागतं, तिथे जेलकोट पांढरा पडतो. आतल्या दोन बाजू सावलीत राहतात, तिथे ऊन कमी पण खारे तुषार सतत बसतात आणि पाणरेषेजवळ शेवाळ धरतं. या आतल्या बाजूंना बफिंग क्वचितच लागतं. त्यांना हवं ते नियमित धुणं, आणि नेमकं तेच होत नाही, कारण जेटीवरून हात पोचत नाही. छोटी डिंगी दोन अंगांच्या मधे घालून, लांब दांड्याचा मऊ ब्रश घेऊन ते करावं लागतं. महिन्यातून एकदा एवढं केलंत तर आमचं निम्मं काम वाचतं.

होबी 16 सारखी लहान कॅटमरान असेल तर गोष्ट सोपी आहे. ती वापरून झाली की किनाऱ्यावर ओढता येते, त्यामुळे तिला तळाला शेवाळ आणि शिंपले धरू न देणाऱ्या विषारी रंगाची गरज नाही. गोडं पाणी, मऊ कापड, वॅक्स, आणि झाकण. खालचं सगळं पाण्यात उभ्या राहणाऱ्या मोठ्या बोटींसाठी आहे.

धुणं

मिठाची पुटं कोरड्या कापडाने पुसू नका. मिठाचे खडे म्हणजे बारीक घासकागदच. आधी भरपूर गोडं पाणी, मग गाडीचा सौम्य शाम्पू, मग पुन्हा पाणी. भांड्यांचा साबण मेण उतरवतो, म्हणून तो फक्त वॅक्स काढायचं असेल तेव्हाच. नवी मुंबईत मोरबे धरणाचं नळाचं पाणी या कामाला चांगलं; टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर ते अंगावर वाळू देऊ नका, पांढरे ठिपके राहतात.

पाणरेषेवर चहाच्या रंगाचा पिवळसर पट्टा येतो. तो घासून जात नाही, आणि बहुतेक जण इथेच चुकतात: कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, घेऊन बसतात. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. जेलच्या रूपात लावायचं, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, धुऊन टाकायचं. डाग हातही न लावता उतरतो. गंजाच्या बारीक नारिंगी ठिपक्यांनाही तेच. आमच्या बाजूला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे, ग्राइंडिंगची लोखंडी कणी वाऱ्याने उडून बोटीवर बसते आणि दोन दिवसांत फुलते. हातमोजे घाला, आणि ॲसिड ॲल्युमिनियमवर, गॅल्व्हनाइज्ड साखळीवर, दोन अंगांमधल्या जाळीवर जाऊ देऊ नका. ॲक्रिलिकच्या खिडक्यांना स्पिरिट, थिनर किंवा अमोनियाचं काचेचं द्रव्य तर कधीच नको, आतून केसासारख्या चिरा पडतात.

बफिंग आणि वॅक्स

पूड आलीच असेल तर आम्ही आधी कंपाउंड आणि लोकरी पॅडने हातभर जागेवर करून बघतो. चमक आली तर पॉलिश पेपर लावत नाही. नाही आली तरच ओला पेपर, हजार नंबरपासून पुढे. आठशेला, म्हणजे त्याहून खरखरीत पेपरला, आम्ही अगदी नाइलाज असल्याशिवाय हात घालत नाही. काम सावलीत, दोन-दोन फुटांच्या चौकोनात, मशीन सतत हलतं ठेवून. कडा आणि वळणं हाताने.

कंपाउंडनंतर बोट आरशासारखी दिसते आणि काही ग्राहक ‘वॅक्स राहू द्या’ म्हणतात. तसं करू नका. उघडा जेलकोट आपल्या उन्हात पुन्हा लवकर पांढरा पडतो. साधं कारनोबा मेण इथे थोडे आठवडेच टिकतं, पॉलिमर सीलंट काही महिने. पाणी मारल्यावर थेंब गोल न राहता पसरले की पुन्हा लावायची वेळ झाली. डेकच्या खडबडीत भागावर वॅक्स नको, पाय घसरतो. आणि पाणरेषेच्या खाली तर नकोच, तिथे रंग धरत नाही.

पाण्याखालचा तळ

बोट पाण्यात उतरली की काही तासांत तिच्यावर सेंद्रिय पदार्थांची पातळ साय बसते, मग जिवाणू, मग बुळबुळीत शैवाल, आणि त्यावर बार्नेकलची, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या प्राण्याची, पिल्लं. बार्नेकल एकदा चिकटलं की जन्मभर जागा सोडत नाही. आपलं पाणी बाराही महिने गरम, त्यामुळे ही वाढ थंडीतही थांबत नाही. कॅटमरानला याचा जाच जास्त. तिची अंगं सडपातळ असतात आणि मंद वाऱ्यात वेग अडवणारं मुख्य कारण तळाचं घर्षणच असतं. जानेवारीच्या हलक्या वाऱ्यात बोट ‘जड’ वाटू लागली तर शिडाआधी तळ बघा.

आमच्या आजोबांच्या पिढीत लाकडी होडीच्या तळाला चुना-चरबी आणि अंगाला मुशीच्या तेलाचा हात दिला जाई. आता तांब्याचा रंग आहे. त्याआधी टीबीटी या कथिलाच्या विषारी रसायनाचे रंग होते, फार प्रभावी आणि फार घातक. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची शिंपलीच वेडीवाकडी होऊ लागली, तेव्हा 1982 साली तिथे लहान बोटींवर हे रंग बंद झाले. पुढे या रंगांवर बंदी घालणारा 2001 चा आंतरराष्ट्रीय करार 17 सप्टेंबर 2008 पासून लागू झाला. कुणी जुना ‘जहाजाचा खास डबा’ स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका. आम्ही तो लावणार नाही.

एक चूक फार महागात पडते. बहुतेक मोठ्या कॅटमरानला दोन सेलड्राइव्ह, म्हणजे इंजिनापासून तळातून खाली उतरून पंखा फिरवणारे भाग, असतात आणि त्यांचे पाय ॲल्युमिनियमचे. त्यांना तांब्याचा रंग लावला तर ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. त्यांना वेगळा, तांब्याच्या ऑक्साइडशिवायचा रंग लागतो. झिंकचे ॲनोड, म्हणजे त्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, निम्मे झिजले की बदला, आणि त्यांच्यावर रंग मारू नका, नाहीतर ते कामच करत नाहीत.

हळूहळू झिजणारा रंग असेल तर मऊ स्पंजने पुसा, कडक ब्रशने रंगच उतरतो. आपल्या ठाणे खाडीत चिखलामुळे पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही, शिवाय ओढ असते. म्हणून खाडीत पाण्याखालचं काम आम्ही घेत नाही.

ओहोटीवर बसवणं

कॅटमरानची मोठी सोय ही की ठोकळ कील, म्हणजे प्रत्येक अंगाच्या तळाखालचा पाय, असलेली बोट दोन पायांवर सरळ बसते. उधाणात आपल्याकडे पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे एका ओहोटीत तळ धुऊन होतो. पण जागा टणक हवी, चिखलात नाही, आणि कीलची उंची सेलड्राइव्ह व सुकाणूपेक्षा जास्त आहे हे आधी मोजा. खालीवर होणाऱ्या डॅगरबोर्डची बोट असेल तर आम्हाला विचारल्याशिवाय बसवू नका.

दिवस निवडताना भरतीचा तक्ता नीट वाचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या सगळ्यात मोठ्या भरतीला बोट वर चढवली आणि पुढच्या भरत्या भांगाकडे, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांकडे, उतरत्या असल्या तर बोट पंधरा दिवस तिथेच. लागोपाठच्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात. पुढची भरती चढती असेल असाच दिवस घ्या.

आणि खाली ताडपत्री अंथरा. खरवडलेला रंग, बार्नेकल, सगळं गोळा करून न्यायचं. या खाडीचा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्याहून जवळची गोष्ट म्हणजे याच चिखलात आमच्या गावच्या बायका कालवं आणि चिंबोऱ्या धरतात. त्या चिखलात तांबं पडू देणं आम्हाला जमणार नाही, म्हणून ताडपत्रीशिवाय खरवडणारी बोट आम्ही हातात घेत नाही. जुना रंग कोरडा कधी घासू नका, ती पूड श्वासातून जाते. ओला घासा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

कोणत्या महिन्यात काय

बोट मे संपायच्या आत वर काढा. वर येताच त्याच दिवशी प्रेशर वॉशरने तळ धुवायचा, शेवाळ ओलं आहे तोवर पाण्यानेच निघतं. दोन दिवस उशीर झाला तर पटाशी लागते. जून ते सप्टेंबर आम्ही शेडमध्ये बफिंग आणि डागडुजी करतो. तळाला भाजल्यासारखे फोड असतील आणि फोडल्यावर आंबट वास आला तर पाणी जेलकोटच्या आत शिरलं आहे. ती जागा उघडून सुकवावी लागते आणि त्याला महिने लागतात, घाई होत नाही.

तळाचा रंग पावसाळ्यात आम्ही लावत नाही. हवेत दमटपणा 85 टक्क्यांच्या वर असला की रंग नीट धरत नाही. ऑक्टोबर उघडला की रंग, आणि डब्यावर लिहिलेल्या मुदतीत बोट पाण्यात. ‘नारळी पौर्णिमेला बोट हवीच’ हा आग्रह आम्ही समजतो, कोळीवाड्यात वाढलेल्याला तो दिवस काय असतो ते सांगायला नको. त्या दिवशी नारळ वाहायला बोट सजवून देऊ, धुऊन आणि वॅक्स करून. रंग मात्र ऑक्टोबरमध्येच.

बोट आणण्याआधी तिची रुंदी मोजून कळवा. कॅटमरानची रुंदी लांबीच्या निम्म्याच्या आसपास किंवा जास्त असते, त्यामुळे हायड्रा क्रेनचे पट्टे, आडवा बार आणि शेडमधली जागा त्याप्रमाणे ठेवावी लागते. सेलड्राइव्हची जागा दाखवणारा फोटो पाठवा म्हणजे पट्टा त्यावर येणार नाही. आणि मागच्या वेळी तळाला लावलेल्या रंगाच्या डब्याचं लेबल जपून ठेवलं असेल तर तेही आणा, कारण नवा रंग जुन्यावर धरेल की आधी सगळा उतरवावा लागेल, ते त्यावरूनच कळतं.