खोक्यात आलेली जहाजं

यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या अमेरिकी युद्धनौकेच्या प्लास्टिक मॉडेलचं सुकाणूचं चाक माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं आहे. त्याला आधी फिकट मातकट रंगाचा हात दिला आणि दोन दिवस वाळू दिलं. मग पातळ केलेला गडद तपकिरी ऑइल कलर लावून लगेच जुन्या बनियनच्या चिंधीनं पुसून घेतला. खाचांत तपकिरी राहतो, वरचा निघून जातो, आणि प्लास्टिकला लाकडासारख्या रेषा येतात. हे सगळं चाललंय ठाण्यात, चेंदणीला, जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर. खिडकीतून खाडी दिसत नाही, पण ओहोटीला तिचा वास घरात येतो.

या चाकाचा मुंबईशी संबंध आहे, हे मला किट, म्हणजे सुटे भाग जोडून मॉडेल करायचा संच, अर्धं झाल्यावर कळलं. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ कॉन्स्टिट्यूशननं 'जावा' या ब्रिटिश फ्रिगेटला, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकेला, हरवलं. लढाईत कॉन्स्टिट्यूशनचं स्वतःचं चाक तोफगोळ्यानं उडालं होतं, म्हणून जावाचं काढून तिथं बसवलं. जावाची अवस्था इतकी वाईट होती की तिला ओढत घरी नेणं शक्य नव्हतं. अमेरिकनांनी ती पेटवून दिली.

ही जावा निघाली होती मुंबईला. तिच्यावर मुंबईच्या गोदीत तयार होत असलेल्या जहाजांसाठी तांबं होतं, मुंबईत नेमणूक झालेले लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप होते, आणि मुंबईत बांधायच्या एका नव्या फ्रिगेटचे नकाशे होते. हिस्लॉप सुटले, पुढे हिंदुस्थानात पोचले. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभे राहिलेले इंग्रज सेनापती ते हेच. नकाशे मात्र गेले ते गेलेच. इंग्लंडहून दुसरी प्रत यावी लागली. १८१६ साली काम सुरू झालं आणि जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली १२ ऑक्टोबर १८१७ ला 'त्रिंकोमाली' पाण्यात उतरलं. मलबारी सागवानाचं ते जहाज आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत उभं आहे.

तर माझ्या टेबलावर नकाशे बुडवणारं जहाज आहे. त्या नकाशांवरून इथून पंचवीस मैलांच्या आत बांधलेलं जहाज नाही. असं का, हा प्रश्न डोक्यात बसला आणि त्याच्यामागे लागून या छंदाचा इतिहास वाचत गेलो.

जहाजाची छोटी प्रतिकृती करणं फार जुनं. पण मापात केलेली प्रतिकृती, म्हणजे पावलापावलाला मूळ जहाजाचा हिशेब ठेवणारी, ती सतराव्या शतकात इंग्लंडच्या नौदल कचेरीतून पुढे आली. एका फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८ हे तिचं ठरलेलं माप. खालच्या बाजूला फळ्या मुद्दाम लावत नसत, म्हणजे आतल्या फासळ्या दिसाव्यात. आरमारात कारकुनी करून वर चढलेल्या सॅम्युएल पेपिस यांना अशा प्रतिकृती जमवायची हौस होती. या दरबारी कलेला समांतर एक गरिबाची कलाही होती, आणि मला ती जास्त जवळची वाटते. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत पकडलेले हजारो फ्रेंच खलाशी इंग्लंडमधल्या कैदखान्यांत वर्षानुवर्षं पडून होते. पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉसला तर १७९७ साली खास त्यांच्यासाठीच तुरुंग उघडला होता. शिध्यात मिळालेल्या मटणाची आणि बीफची हाडं उकळून, घासून, त्यांतून या लोकांनी जहाजं घडवली. दोरखंडांना केस नाहीतर रेशीम वापरलं. तुरुंगाच्या फाटकाशी बाजार भरे, तिथं ती विकून चार पैसे मिळत. त्यांच्याकडे नकाशे नव्हते. ज्या जहाजावर अर्धं आयुष्य गेलं ते जहाज आठवणीतून केलं, त्यामुळे त्या प्रतिकृतींचं प्रमाण बऱ्याचदा चुकलेलं असतं, डोलकाठ्या जरा जास्तच उंच असतात. पण एक दोर जागचा हललेला नसतो.

प्लास्टिक आलं ते अगदी वेगळ्या वाटेनं. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन निर्वासितानं १९३९ साली लंडनमध्ये एअरफिक्स ही कंपनी काढली. सुरुवातीचा माल म्हणजे हवा भरायची रबरी खेळणी, युद्धानंतर कंगवे. कंगव्यांसाठी घेतलेल्या इंजेक्शन मोल्डिंगच्या यंत्रावर १९४९ च्या सुमारास फर्ग्युसन ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल निघालं, तेही विक्रेत्यांना दाखवायला म्हणून. मग १९५२ साली वूलवर्थ या दुकानसाखळीसाठी कंपनीनं फ्रान्सिस ड्रेकच्या 'गोल्डन हाइंड'चं इवलंसं किट काढलं. खोकं महाग पडतं म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत भरलं, वर कागदाची पट्टी टाचली, आणि किंमत ठेवली दोन शिलिंग. एअरफिक्सच्या पुढच्या सगळ्या पसाऱ्याची सुरुवात या शिडाच्या जहाजानं झाली. लढाऊ विमानं आणि रणगाडे नंतरचे.

किमतीचं गणित पॉलिस्टायरीननं जमवलं. हे प्लास्टिक तापलं की पातळ होऊन साच्याच्या बारीक रेघेतही शिरतं, थंड झालं की आकार सोडत नाही, आणि त्याचं सिमेंट, म्हणजे खास पातळ गोंद, लावलं की दोन कडा विरघळून एकजीव होतात. आपण त्याला चिकटवणं म्हणतो, खरं तर तो सांधा असतो. पण पोलादी साचा बनवायला पैसा भरमसाट लागतो, म्हणून एकदा केलेला साचा कंपनी सोडत नाही. अमेरिकेच्या रेव्हेल कंपनीनं १:९६ मापातली 'कटी सार्क' १९५९ साली आणली, त्याच मापातली तीन फुटी कॉन्स्टिट्यूशन १९६५ साली. माझ्यासमोरचं किट त्याच साच्यातलं आहे. साचा झिजलाय हे हात लावल्यावर कळतं. दोन अर्ध्या भागांच्या फटीतून प्लास्टिक बाहेर येऊन कडेला पापुद्रा धरतो, तो ब्लेडनं तासून काढावा लागतो. जहाजाच्या अंगाचे डावा आणि उजवा असे दोन तुकडे असतात, ते खोक्यात पडून पडून वाकतात. मी ते रबरबँडांनी आवळून, थोडं थोडं चिकटवत, तीन रात्रींत जुळवले.

फ्रान्सच्या हेलर कंपनीनं सत्तरच्या दशकात या कामाची हद्द गाठली. 'सोलेई रॉयाल' ही जुनी फ्रेंच युद्धनौका आणि ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनचं 'व्हिक्टरी', दोन्ही १:१०० मापात. व्हिक्टरीच्या खोक्यात दोन हजारांवर तुकडे आहेत, आणि दोरकामाची पुस्तिका बघूनच माणूस थकतो. तोवर मागणी ओसरायला लागली होती. १९७३ च्या तेलसंकटानं प्लास्टिक महागलं होतं, आणि पोरांना दुसरे खेळ मिळाले. एअरफिक्स १९८१ साली कोसळली, १९८६ ला रंगांचे डबे बनवणाऱ्या हम्ब्रॉलकडे गेली, २००६ ला हॉर्नबीकडे. साचे मात्र एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले, म्हणून ही जहाजं अजून मिळतात.

रंगाचा इतिहास वेगळा सांगायला हवा, कारण किटच्या कागदावर छापलेला रंग खरा असेलच असं नाही. स्वीडनचं 'वासा' १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालं आणि १९६१ ला वर काढलं. तेव्हा समजूत अशी होती की त्याच्या मागच्या भागावर निळ्या रंगावर सोनेरी नक्षी होती, आणि वासाची जुनी मॉडेलं तशीच रंगवली गेली. नव्वदच्या दशकात कोरीव मूर्तींवरचे रंगाचे कण तपासले, आणि पार्श्वभूमी लाल निघाली. व्हिक्टरीचंही तसंच. त्याच्या तोफांच्या पट्ट्यांचा तो प्रसिद्ध हळदी पिवळा रंग, पिढ्यान् पिढ्या सगळ्यांनी तोच मारला. मग जहाजावरच्या रंगाचे थरावर थर खरवडून तपासले, आणि २०१५ साली ते मूळ जहाजच फिकट, जरा गुलाबीकडे झुकणाऱ्या रंगात नव्यानं रंगवलं. ज्यांच्या कपाटात पिवळं व्हिक्टरी आहे त्यांनी ते बदलावं असं मी म्हणणार नाही. पण नवं किट उघडणाऱ्यानं आधी अलीकडचे फोटो बघावेत, डबीवरचा नंबर नंतर.

आपल्याकडे ही किटं यायला वेळ लागला. १९९१ च्या आधी अशी वस्तू परदेशातून कुणी नातेवाईक आणेल तरच. ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरची उरलेली बंधनं २००१ च्या एप्रिलमध्ये उठली, आणि किटं बाजारात दिसायला लागली ती त्यानंतर. मग २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ ला ७०. कस्टमच्या वर्गवारीत स्केल मॉडेलं खेळण्यांच्याच मथळ्याखाली, ९५०३ क्रमांकात मोडतात. आमच्यासारख्यांच्या खिशाला हे फार लागतं. माझी कॉन्स्टिट्यूशन एवढं शुल्क भरून आली आणि खोक्यात पुढची डोलकाठी मधोमध मोडलेली. विकणाऱ्यानं बदलून दिली नाही. शेवटी दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडून आत पितळी तारेची खीळ घातली, आणि आता ती काठी सगळ्यांत मजबूत आहे.

बाकी सामानाला ठाणं पुरतं. किटमधला जाड प्लास्टिकचा दोर मी वापरत नाही. जांभळी नाक्यावरून आणलेली दोऱ्याची रिळं, वर मेणाचा हात. सुती दोरा पावसाळ्यात ओल धरून आखडतो. एका जुलैत त्यानं माझ्या एका छोट्या जहाजाची काठी चक्क वाकवली, तेव्हापासून ताणाच्या सगळ्या दोरांना पॉलिस्टर. गुंडाळलेली शिडं करायला पतंगाचा कागद उत्तम: पातळ फेविकॉलमध्ये भिजवायचा, चुरगाळायचा, परबाणाला, म्हणजे शीड ज्याला बांधतात त्या वाशाला, बांधायचा. आणि सराव म्हणाल तर मराठी घरात दिवाळीचा किल्ला असतोच. माती, विटा, हळीव पेरलेली शेतं, सिंधुदुर्ग केला तर भोवती निळं पाणी आणि कागदी होड्या. मापाचा विचार पहिल्यांदा मी तिथंच केला, मावळे बुरुजापेक्षा उंच दिसायला लागले तेव्हा.

त्या कागदी होड्यांपाशीच माझा प्रश्न येऊन थांबतो. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली १६५७ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या दिवसांत. कल्याणच्या खाडीवर दुर्गाडी किल्ला उभा राहिला आणि आरमाराची जहाजं इथं बांधायला सुरुवात झाली. हे पाणी आमचंच आहे. उल्हास खाली येते, घोडबंदरवरून वसईकडे जाते, आणि एक फाटा ठाण्यावरून मुंबईच्या बंदरात उतरतो. गुराब, गलबत, पाल, शिबाड, मचवा ही त्या आरमारातल्या जहाजांची नावं शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचली. पण परदेशी कंपन्यांच्या याद्या मी बऱ्याच चाळल्या, त्यांत गुराब मला कुठं दिसला नाही.

कारण सरळ आहे. ज्या जहाजांचे नकाशे कचेरीत जपले गेले, किंवा जी जहाजंच शिल्लक राहिली, त्यांचे साचे झाले. व्हिक्टरी उभं आहे, कॉन्स्टिट्यूशन उभी आहे, कटी सार्क उभी आहे, वासा चिखलातून वर आलं. आपले सुतार नकाशावरून बांधत नसत. माप त्यांच्या डोळ्यात आणि हातात असे, आणि ते बापाकडून मुलाकडे जाई. विजयदुर्गला १७५६ साली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, तेव्हा ज्यावरून मोजमाप घेता आलं असतं ती जहाजंही त्यातच गेली.

तरी वर्णन उरलंय. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं अठराव्या शतकात गुराबाबद्दल बारकाईनं लिहिलं. दोन डोलकाठ्यांचा गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांचा तीनशेच्या आसपास. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब आणि पुढे आलेली. आणि नाळेच्या मागे एक आडवी भिंत, तिच्यात दोन खिडक्या, त्यांतून दोन तोफा थेट पुढे मारा करणाऱ्या. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आत, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. इतकं असलं की सुरुवात करता येते.

मी ती केलीय. एका जुन्या किटचं उरलेलं अंग पुढून कापलं आणि प्लास्टिकच्या पत्र्याच्या पट्ट्या गरम पाण्यात वाकवून लांब नाळ जोडली. मागची काठी आणि तिरक्या परबाणाची बांधणी मला जमेना, म्हणून ते अर्धवट मॉडेल घेऊन कोळीवाड्यातल्या एका ओळखीच्या काकांकडे गेलो. शिडाच्या होडीवर त्यांचं सगळं तरुणपण गेलंय. त्यांनी ते चष्म्याजवळ धरून बराच वेळ फिरवून पाहिलं.

"परबाण एक लाकडाचा नसतो रे," ते म्हणाले. "दोन जोडून बांधायचे. मध्ये जाड, टोकाला बारीक. म्हणजे वाऱ्यात वाकतो, मोडत नाही."

घरी येऊन बांबूच्या दोन काड्या तासल्या, चार ठिकाणी मेणाच्या दोऱ्यानं आवळल्या. आता आडवी भिंत कापायची आहे, दोन खिडक्यांची. त्या किती उंचीवर ठेवायच्या ते ऑर्म सांगत नाही, तेव्हा तोफेचं तोंड नाळेच्या वरून मोकळं दिसेल इतकी उंची धरून पुठ्ठ्यावर आधी एक कापून बघतोय.