फोडणीतली मोहरी गप्प का बसते?

हल्ली किराणा दुकानात 'सीड्स'चा वेगळा कप्पा असतो. चिया, जवस, भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या बिया, सगळ्या पारदर्शक डब्यांत. डब्यावर ठळक अक्षरांत 'ओमेगा-थ्री' आणि मागे अशी किंमत की डबा हळूच परत ठेवावा. त्याच दुकानात खालच्या फळीवर, साध्या प्लॅस्टिकच्या पुडीत मोहरी पडलेली असते. तीही बीच आहे, पण तिला कुणी 'सुपरफूड' म्हणत नाही. माझं मत विचाराल तर या सगळ्या बियांमध्ये रसायनशास्त्रात सर्वांत तयार तीच आहे.

हे लिहायला निमित्त झालं ते मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांचं. 'मोहरी तडतडली की तिच्यातला तिखट औषधी अंश तेलात उतरतो, म्हणून आपल्या पूर्वजांनी फोडणी शोधली,' अशा अर्थाचं काहीतरी दर थोड्या दिवसांनी येतं. वाचायला छान वाटतं, पण खरं आहे ते नेमकं उलटं. मोहरीचा तिखटपणा कायमचा बंद करायचा असेल तर तिला फोडणीत टाकण्यासारखा दुसरा खात्रीचा उपाय नाही.

पोह्यातली मोहरी मुद्दाम दाताखाली धरून पाहा. खमंग लागते, थोडी कडसर, बस. तीच मोहरी फेसून लाल भोपळ्याच्या भरितात घातली तर पहिल्याच घासाला नाकात झिणझिण्या येतात आणि डोळ्यांत पाणी. दाणे एकाच डब्यातले. मग फरक कशाने पडला?

घरीच बघता येतं. चमचाभर मोहरी मिक्सरच्या लहान भांड्यात कोरडी दळा. झाकण उघडून वास घ्या. तेलकट, जरासा मातकट, नाकाला विशेष काही कळत नाही. ही पूड दोन वाट्यांत घ्या. एकीत गार पाणी घालून कालवा, दुसरीत उकळतं. तिसऱ्या वाटीत तव्यावर तडतडेपर्यंत भाजलेल्या मोहरीची पूड घेऊन तीही गार पाण्यात कालवा. दहा मिनिटं थांबा. पहिल्या वाटीवर नाक नेलंत की झटकन मागे घ्याल. दुसरी आणि तिसरी नुसती कडवट लागेल, नाकात काही जाणार नाही.

याचा अर्थ तिखट पदार्थ मोहरीत आधीपासून नसतोच. तो आपल्यासमोर, वाटीत तयार होतो. त्याला दोन गोष्टी लागतात, दाणा फुटणं आणि पाणी. आणि एक गोष्ट अजिबात चालत नाही, ती म्हणजे उष्णता.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. मोहरीच्या दाण्यात ग्लुकोसिनोलेट नावाच्या कुळातली संयुगं साठवलेली असतात. त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध सिनिग्रिन. भारतातल्या मोहरीच्या बऱ्याच वाणांत त्याच्या जोडीला ग्लुकोनॅपिन नावाचं भावंडही भरपूर असतं, पण गोष्ट दोघांची सारखीच, म्हणून आपण सिनिग्रिनच धरू. सिनिग्रिन चवीला कडू असतं, नाकाला मात्र काही करत नाही, कारण ते वाफ होऊन उडतच नाही. त्याच दाण्यात, पण वेगळ्या पेशींमध्ये, मायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, बंद असतं. काडी एका खिशात आणि पेटी दुसऱ्या खिशात ठेवावी तसा हा प्रकार. दाणा अखंड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. अळीने चावा घेतला किंवा तुम्ही पाट्यावर वरवंटा फिरवला की पेशी फुटतात, पाण्यात दोघं एकत्र येतात आणि विकर कामाला लागतं.

ते करतं एवढंच की सिनिग्रिनच्या रेणूला जोडलेला ग्लुकोज पाणी वापरून तोडून टाकतं. पुढचं विकराच्या मदतीशिवाय होतं. ग्लुकोज गेल्यावर उरलेला रेणू अस्थिर असतो. त्यातला सल्फेटचा तुकडा निघून जाऊ लागतो आणि त्याच वेळी रेणूची शेपटी, म्हणजे अलिल गट, कार्बनवरून उडी मारून शेजारच्या नायट्रोजनवर बसते. रसायनशास्त्रात या उडीला लॉसेन पुनर्रचना म्हणतात. उडी संपली की हाती येतं अलिल आयसोथायोसायनेट. मोहरीचा झणका तो हाच. गंमत अशी की सिनिग्रिन १८४०च्या सुमारास वेगळं काढलं गेलं होतं, पण शेपटी मुळात कार्बनवर असते आणि नंतर उडी मारते, हे नीट कळायला १९५६ साल उजाडलं. एटलिंगर आणि लुंडीन या दोघांनी तेव्हा सिनिग्रिनची खरी रचना मांडली. त्याआधीच्या सुमारे साठ वर्षांत पाठ्यपुस्तकांमध्ये जी रचना छापली जात होती, तिच्यात शेपटी आधीच नायट्रोजनवर बसवलेली होती.

इथे आणखी एक बारकावा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी हा परिच्छेद खुशाल ओलांडावा. साखरेचा बंध तोडणारी मायरोसिनेजची भाऊबंद विकरं वनस्पतींत पुष्कळ आहेत. त्यांच्या कामाच्या जागी ग्लुटामिक आम्लाचे दोन अवशेष, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले दोन दुवे, असतात. एक साखर पकडतो, दुसरा पाण्याच्या रेणूतला प्रोटॉन ओढून त्याला हल्ल्यासाठी सज्ज करतो. मायरोसिनेजमध्ये पहिला आहे, पण दुसऱ्याच्या जागी ग्लुटामीन बसलेलं आहे, आणि त्याला ते काम जमत नाही. मग काम करतं कोण? क जीवनसत्त्व! अ‍ॅस्कॉर्बेटचा रेणू त्या रिकाम्या जागी येऊन बसतो आणि प्रोटॉन ओढण्याचं काम उसनं करून देतो. म्हणून थोडंसं क जीवनसत्त्व मिळालं की मायरोसिनेजचा वेग कित्येक पटींनी वाढतो. फार जास्त झालं तर मात्र तेच अडथळा आणतं.

बंगालमध्ये मोहरी वाटताना तिच्यात मीठ आणि हिरवी मिरची घालायची रीत आहे. त्याने मोहरी कडू होत नाही, असं तिथे सांगतात. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व चांगलंच असतं. दोन-तीन मिरच्या आणि वाटीभर वाटण असा हिशेब केला तर त्याचं प्रमाण साधारण तेवढंच निघतं, जेवढं मायरोसिनेजला मानवतं. सिनिग्रिन लवकर संपलं तर कडवटपणाही कमी होणार. हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, पण करून बघायला खर्च काहीच नाही.

आता फोडणीकडे परत येऊ. पाण्यात ६०-७० अंश सेल्सियसच्या पुढे मायरोसिनेजची घडी थोड्याच मिनिटांत मोडते. कोरड्या दाण्यात ते याहून पुष्कळ उष्णता सोसतं, पण फोडणीचं तेल याच्या कितीतरी वर असतं. दाण्यात जेमतेम ६ ते ८ टक्के पाणी असतं. त्याची वाफ होते, टरफल तिला कोंडून धरतं आणि दाब असह्य झाला की दाणा फुटतो. तडतड होते ती एवढ्यासाठी. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर वाफ हळूहळू झिरपून जाते, दाणा फुटतच नाही आणि कच्चा, कडू राहतो. 'मोहरी तडतडू दे, मग हिंग घाल' या घरोघरच्या सूचनेत तेलाचं तापमान मोजायची सोय आहे. दाणा फुटेपर्यंत विकर मेलेलं असतं. पुढे त्यात आमटी ओता की वरण, काडी आहे पण पेटी गेली. फोडणीच्या मोहरीतून येतो तो भाजलेल्या प्रथिनांचा आणि साखरेचा खमंगपणा. तो मलाही हवा असतो. फक्त त्याला औषध म्हणू नये.

झणका नाकातच का जातो, तर अलिल आयसोथायोसायनेट सहज उडतं. मिरचीतलं कॅप्सायसिन उडत नाही, म्हणून ते जिभेवर आणि ओठांवर ठाण मांडून बसतं. दोघांचे दरवाजेही वेगळे. कॅप्सायसिन चेतातंतूंवरच्या टीआरपीव्ही-१ नावाच्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, चाळवतं, मोहरी टीआरपीए-१ला. हा दुसरा दरवाजा मोहरीचा आहे हे २००४ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन या दोघांच्या प्रयोगशाळांनी दाखवलं. तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहींवरच्या कामासाठी याच दोघांना २०२१चं नोबेल मिळालं. वाफ नाकातून निघून गेली की मोहरीचा त्रासही क्षणात ओसरतो, मिरचीसारखा रेंगाळत नाही. वासाबी या झणझणीत जपानी चटणीतही हाच रेणू असतो. त्याचा वास हवेत सोडून झोपलेल्या माणसाला जागं करणारा आगीचा इशारा काही जपानी संशोधकांनी बनवला. त्यासाठी हवेत वासाबी किती लागते हे ठरवल्याबद्दल त्यांना २०११चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं.

नावामुळे होणारा एक घोळ इथेच मिटवून टाकतो. पहिल्या महायुद्धात १९१७च्या जुलैमध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मनांनी वापरलेल्या 'मस्टर्ड गॅस'मध्ये मोहरी औषधालाही नव्हती. तो क्लोरीन आणि गंधक असलेला कारखान्यातला पदार्थ. वास थोडा मोहरीसारखा, म्हणून ते नाव पडलं. तरी मोहरीही अगदी निरुपद्रवी नाही. ओल्या मोहरीचं पोटीस छातीवर किंवा गुडघ्यावर तासभर बांधून ठेवलं तर कातडीला फोड येतात. ऊब वाटते ती मज्जातंतू चाळवल्याची असते. लहान मुलांवर हा प्रयोग तर मुळीच करू नये.

आणि दृष्ट! मीठ-मोहरी ओवाळून विस्तवात टाकायची, तडतडली की 'बघ, केवढी दृष्ट होती' म्हणायचं. मिठाच्या खड्यात अडकलेलं पाणी आणि मोहरीच्या दाण्यातलं पाणी, दोन्हींची वाफ होते आणि दोन्ही फुटतात. विस्तव जितका प्रखर तितकी तडतड मोठी. मिरच्या टाकूनही ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती, असंही म्हणतात. निखारा चांगला फुललेला असला की उडणारी द्रव्यं जळूनच जातात, ठसका लागणार कशाने? ज्या बाळाला कुणी पाहिलेलंच नाही, त्याच्यावरून ओवाळलं तरी आवाज तेवढाच येईल.

झाड मात्र हे सगळं आपल्यासाठी करत नाही, ते अळ्यांसाठी करतं. आणि अळ्याही काही कमी नाहीत. कोबी-फ्लॉवरच्या शेतकऱ्यांना चौकोनी ठिपक्यांचा पतंग चांगलाच माहीत आहे. त्याच्या अळीच्या पोटात एक विकर असतं. मायरोसिनेज पोचायच्या आत ते ग्लुकोसिनोलेटमधला सल्फेट काढून घेतं. उरलेल्या रेणूवर मायरोसिनेजला काही करता येत नाही. अळी पान खात राहते आणि शेतकरी फवारत राहतो.

आपल्या जुन्या पाककृतींनी हे रसायन न शिकता बरोबर हाताळलं आहे. कैरीच्या लोणच्यावर फोडणी ओतायची ती पूर्ण गार करून, हा नियम घरोघरी आहे. गरम ओतली असती तर मोहरीच्या डाळीतलं विकर तिथेच संपलं असतं. गार ओतली की कैरीला सुटणाऱ्या पाण्यात मोहरी हळूहळू फेसल्यासारखी होते आणि लोणचं चढत जातं. आयसोथायोसायनेटची वाफ बुरशीला आणि बऱ्याच जिवाणूंना मानवत नाही, हेही खरं. तेवढ्यावर लोणचं टिकत नाही, मीठ, आंबटपणा आणि तेलाचा थर हवाच. गोव्यात आणि कोकणात आंब्याच्या सासवातही बऱ्याच घरी मोहरी कच्ची वाटूनच पडते.

घरी फेसायची असेल तर गार किंवा कोमट पाणी घ्या, आणि आधी थोडंच. वाटण फिकं होऊन फेस दिसू लागला की दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. दही, लिंबू, चिंच असं जे काही आंबट घालायचं ते त्यानंतर. आंबट आधी घातलं तर विकर मंदावतं आणि आयसोथायोसायनेटऐवजी नायट्राइल नावाची बेचव भावंडं जास्त होतात. नंतर घातलं तर तेच आंबट तयार झालेल्या झणक्याला टिकवून धरतं, कारण नुसत्या पाण्यात आयसोथायोसायनेट हळूहळू मोडत जातं. आंबट न घालता रात्रभर ठेवलेल्या वाटणाला सकाळी लसणासारखा वास येतो, तो त्या मोडतोडीचा. नाकात काही जात नाही, कडवटपणा तेवढा उरतो. म्हणून भरितासाठी मोहरी फेसायची ती पानं घ्यायच्या थोडी आधी, आणि लागेल तेवढीच.