रेडिएटरातलं बोरचं पाणी

आमच्या दर्यापूरकडे कूलरच्या ताट्या, म्हणजे ज्यांतून पाणी झिरपतं त्या कडेच्या गवती जाळ्या, दर उन्हाळ्यात नव्या घ्याव्या लागतात. जुन्या झिजत नाहीत, त्यांचा दगड होतो. मार्चमध्ये बसवलेली ताटी मे संपेपर्यंत पांढरीफटक आणि इतकी कडक होते की हातानं तुकडा मोडावा. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. इथं जमिनीखालचं पाणी खारट. कूलरमधून पाणी उडून जातं आणि क्षार ताटीवर बसतात, हे घरातल्या पोरासोरांनाही माहीत असतं. तरीही तेच बोरचं पाणी मी तीन उन्हाळे माझ्या गाडीच्या रेडिएटरात ओतत होतो आणि तापमानाचा काटा वर गेला की उन्हाच्या नावानं बोटं मोडत होतो.

उन्हाचा वाटा नसतो असं नाही. थोडा हिशोब करू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल आणि ताशी ६० च्या वेगानं जात असेल, तर तासाला ४ लिटर पेट्रोल जळतं. म्हणजे सुमारे ३५ किलोवॅट. ढोबळ मानानं त्यातला एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेला इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. हा शेवटचा वाटा जवळपास १२ किलोवॅटचा. बाथरूममधले दोन किलोवॅटचे सहा गीझर बोनेटखाली एकदम चालू आहेत असं समजा. आणि पाणी किती? लहान गाडीत चार-पाच लिटर. रेडिएटरनं काम थांबवलं, तर इंजिनाचं लोखंड-अॅल्युमिनियम धरूनही ९० अंशांवरून १२० अंशांवर जायला दोन-तीन मिनिटं पुरतात. म्हणून रस्त्यात काटा चढायला लागला की ‘पुढच्या फाट्यापर्यंत काढू’ हा विचार महागात पडतो.

आता कूलर आणि रेडिएटर यांत एक मोठा फरक आहे. कूलर, माठ, रांजण हे पाण्याची वाफ करून थंड होतात, त्यामुळे बाहेर ४५ अंश असले तरी माठातलं पाणी गार लागतं. रेडिएटर कोरडा असतो. त्याच्या नळ्यांतलं गरम पाणी जाळीवरून जाणाऱ्या हवेला उष्णता देतं, आणि ती किती देईल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. जानेवारीच्या पहाटे हवा १० अंशांवर आणि पाणी ९० अंशांवर असेल तर फरक ८० चा. मे महिन्यात भर दुपारी हवा ४५ वर गेली की फरक उरतो ४५. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण ताकद जवळपास निम्मी. त्यात एसी लावला की एसीचा कंडेन्सर, म्हणजे त्याची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच बसलेला असल्यामुळे हवा आधीच गरम होऊन आत येते.

पण गाडी बनवणाऱ्यांनी हे गृहीत धरलेलं असतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हातही धड असलेली कूलिंग सिस्टीम तापत नाही. ऊन फक्त शिल्लक कमी करतं. ती शिल्लक आधीच खाऊन टाकलेली असली की मग काटा वर जातो. माझ्या गाडीत ती पाण्यानं खाल्ली होती.

बोरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्याचं न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि ते सगळ्यात गरम जागी चिकटतं. जुन्या बंबाच्या आतल्या बाजूला जो पांढरा थर जमतो, तोच हा. अॅल्युमिनियमच्या मानानं हा थर उष्णता शंभराव्या हिश्शाइतकीही धड वाहू देत नाही. त्यामुळे इंजिनातून पाण्यात आणि पाण्यातून जाळीत, दोन्हीकडे आडकाठी. खारपाणातलं मीठ त्याहून वाईट. क्लोराइड अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर फोडून बारीक खड्डे पाडतं. शिवाय बऱ्याच इंजिनांत ब्लॉक (खालचा मुख्य सांगाडा) बिडाचा, हेड (त्याच्या वरचा भाग) अॅल्युमिनियमचं आणि जुन्या गाड्यांत रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो. खारट पाण्यात वेगवेगळे धातू बुडाले की त्याची बॅटरीच झाली आणि त्यातला कमजोर धातू विरघळत जातो.

एकदा भरलेल्या पाच लिटरमध्ये क्षार असे कितीसे असणार? चिमूटभर. खरा घोटाळा रोजच्या ‘थोडं टाकून घेऊ’ मध्ये आहे. झाकणाचं रबर कडक झालेलं, त्यातून वाफ निसटते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. लिटरमागे एक ग्रॅम क्षार धरा आणि रोज अर्धा लिटर भर घाला. शंभर दिवसांत ५० ग्रॅम क्षार नळ्यांत जमा. हे कूलरच्या ताटीचंच गणित, फक्त आपल्याला दिसत नाही इतकंच.

झाकणाकडे आपण झाकण म्हणूनच बघतो, तिथंच चुकतं. ते प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं आहे. त्यातली स्प्रिंग आतला दाब वातावरणापेक्षा साधारण एक बार जास्त ठेवते (झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो), आणि त्या दाबाला साधं पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. कुकरमध्ये तूरडाळ लवकर शिजते ती याच वीस अंशांमुळे. रेडिएटरच्या झाकणात आणखी एक उलटी झडप असते: इंजिन गार होऊन पाणी आकसलं की ती उघडते आणि रिझर्व्हच्या डब्यातलं पाणी परत आत ओढलं जातं. सकाळी वरचा होज पाइप चेपलेला दिसला तर ही उलटी झडप जाम झाली आहे असं समजावं. गरम इंजिनाचं झाकण का उघडू नये, तेही यातच आलं. आत ११५-१२० अंशांचं पाणी दाबामुळेच पाणी राहिलेलं असतं. दाब सुटला की त्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते, वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते, आणि उरलेलं उकळतं पाणी ती तोंडावर फेकते. ओलं फडकं टाकून झाकण फिरवणारे वीर मी पाहिले आहेत. त्यांतल्या एकाचा हात अजून डागी आहे.

मग पाण्यात मिसळायचं कूलंट कशाला? ‘आपल्या इकडे पाणी कुठं गोठते भाऊ, कायले पाह्यजे अँटिफ्रीझ?’ हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल निम्म्याला निम्मं मिसळलं तर पाणी उणे ३५ च्या खाली जाईपर्यंत गोठत नाही, याचा दर्यापूरला काही उपयोग नाही. पण तेच मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना आणि झाकणाच्या दाबाखाली १२५ च्या वर उकळतं. त्याहून महत्त्वाची त्यातली गंजरोधक द्रव्यं. ती हळूहळू संपतात, म्हणून साधं कूलंट दोन-तीन वर्षांनी आणि लाँग लाइफ प्रकारचं पाचेक वर्षांनी बदलायचं. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. हिरवं, लाल, गुलाबी या रंगांवर विसंबू नका, रंगाचा काही पक्का नियम नाही. दोन जातींची कूलंटं एकत्र केली तर गाळ बसू शकतो. आणि ‘जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड’ हाही गैरसमज. उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. निव्वळ ग्लायकॉलची ती ताकद पाण्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. पाणी लागतंच, फक्त ते बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी असावं. शहानूर धरणाचं नळाचं पाणी बोरपेक्षा बरं, पण ते अडीनडीला.

माझ्या गाडीची कथा अशी की काटा चढायला लागल्यावर मी ती एका गॅरेजात नेली. मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात दिला. ‘हे काढलं की गाडी थंडी राह्यते.’ आपल्याकडे हा उपाय सर्रास चालतो आणि मला तो अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची छोटी डबी. ८२ किंवा ८८ अंशांना मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरकडची वाट उघडतं. तो काढला की इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, तोवर जास्त पेट्रोल पितं आणि जास्त झिजतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसरी, आडवाट बंद करतो. तो नसला की ती वाट कायम उघडी राहते, बरंचसं पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. घरी आल्यावर मी तो थर्मोस्टॅट सुतळीला बांधून जुन्या पातेल्यात सोडला, शेजारी थर्मामीटर ठेवला आणि गॅस लावला. त्यावर ८२ कोरलं होतं. ८२ च्या आसपासच तो उघडू लागला. बिचारा निर्दोष होता.

मग सगळं मुळापासून स्वतःच करायचं ठरवलं. गाडी रात्रभर गार होऊ दिली आणि बॅटरीची वायर काढली, कारण इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही फिरू शकतो. आधी बाहेरून पाहिलं. पुढच्या जाळीत कापसाचे तंतू, सोयाबीनचं कुटार आणि मेलेले किडे यांची गोधडीच शिवली होती. हे पाण्याच्या साध्या नळीनं, इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला धुवायचं. सर्व्हिसिंगची जोराची गन मारली तर पातळ पत्रे आडवे होतात आणि हवेची वाट कायमची बुजते. होज पाइप दाबून पाहिले: निरोगी पाइप घट्ट पण लवचिक लागतो, करकर वाजला किंवा फुगीर-मऊ लागला तर बदलायचा. क्लॅम्पपाशी पांढरी-हिरवी खरपी होती, म्हणजे तिथून झिरपत होतं. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. ते ओलं असेल तर पंपाचं सील गेलं. माझं कोरडं निघालं.

खालचा पाइप सोडून पाणी घमेल्यात घेतलं. चहासारखं, तळाला गाळ. हीटरचा खटका गरमवर ठेवला, म्हणजे हीटरची छोटी जाळीही धुतली जाते. थर्मोस्टॅट परत बसवला, डिस्टिल्ड पाणी भरलं, बॅटरी जोडली, पंखा एकदा फिरेपर्यंत गाडी चालू ठेवली, पूर्ण गार होऊ दिली, परत सोडलं. चौथ्या खेपेला पाणी स्वच्छ आलं. नुसत्या पाण्यानं घट्ट थर निघत नाही, हे खरं. बाजारात त्याची औषधं मिळतात, पण फार जुन्या रेडिएटरात तो थरच भोकं बुजवून बसलेला असतो, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

भरताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. पाणी सोडलं तरी ब्लॉकमध्ये दीड-दोन लिटर उरतंच. माझ्या गाडीची एकूण क्षमता पाच लिटर, म्हणून आधी अडीच लिटर निव्वळ कूलंट ओतलं आणि वर डिस्टिल्ड पाणी. बाहेर निम्मं-निम्मं कालवून भरलं असतं तर आत ते पातळ झालं असतं. तयार मिश्रणाचा डबा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. हवा निघावी म्हणून गाडीचं तोंड चढावर ठेवलं आणि वरचा पाइप हळूहळू दाबत राहिलो. आत हवेचा फुगा राहिला तर तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवा मोजतो. काटा मुकाट खाली असतो आणि हेड मात्र भाजत असतं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट पसरतं, या ओढाताणीत हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट (सीलची पट्टी) जातं आणि पाणी ऑइलमध्ये मिसळू शकतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा फेस दिसला, तर मात्र घरगुती प्रयोग थांबवून गाडी मिस्त्रीकडेच न्यावी.

घमेल्यातलं कूलंट मिसळलेलं जुनं पाणी अंगणात ठेवू नका. ग्लायकॉल चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरं ते चाटतात. शरीरात त्याचे स्फटिक होऊन मूत्रपिंडं निकामी होतात. मोठ्या माणसाला १०० मिलिलिटरच्या आसपास जीवघेणं ठरू शकतं. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या वर्कशॉपमध्ये दिलं.

रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू. मे महिन्यात हा सल्ला जुलमी वाटतो, पण हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच. तेवढ्यानं काटा उतरला नाही तर सावलीत थांबून इंजिन बंद करायचं आणि पाऊण तास चहा प्यायचा. इंजिनावर थंड पाण्याची बादली मारायची नाही.

नवं झाकणही घेतलं, जुन्यावर होता तोच आकडा पाहून. दुसऱ्या दिवशी सकाळी रिझर्व्हच्या डब्यातली पातळी बोटभर उतरली होती. उरलीसुरली हवा निघाली होती, तेवढं डिस्टिल्ड पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी किंचित. चौथ्या दिवसापासून ती रेघ हललेली नाही, आणि डिक्कीतल्या बोरच्या पाण्याच्या कॅनमध्ये आता घरातल्या कूलरचं पाणी जातं.